शलाकाची कढई

हे मी नवऱ्यालाही बोललेले नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. पण ऐका.

परदेशात शिकत असताना क्लेटनला युनीजवळ, म्हणजे युनिव्हर्सिटीजवळ, आम्ही तिघी एका घरात राहायचो — मी, शलाका आणि चीनहून आलेली लिन. शलाका माझी पुण्याची, शाळेपासूनची मैत्रीण. माझी! आणि तिथे काय? लिनचे नूडल्स, लिनचे जोक्स, अख्खी दुपार दोघी किचनमध्ये खिदळतायत. मी आत गेले की मलाही सांगायच्या — पण हसून झाल्यावर. जळफळाट व्हायचा माझा. हो, जळफळाटच. दुसरा शब्द कुठून आणू?

शलाकाकडे तिच्या आईने दिलेली लोखंडी कढई होती. नैवेद्याचं तळण त्यातच. म्हणून लिनने स्वतःच्या स्वयंपाकाला वेगळी कढई आणलेली, कुणी न सांगता. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

आणि तरी — एकदा घरच्या फोनवर काकूंचा, शलाकाच्या आईचा, फोन आला, शलाका कामाच्या शिफ्टला गेलेली, मी उचलला. तू आहेस म्हणून मला घोर नाही गं, म्हणाल्या. मी काळजीचा आव आणला.

"सांगू नये काकू, पण तुमच्या कढईत लिन डुक्कर शिजवते."

काकू रडल्याच. शलाकाने लिनला विचारलं, माझ्या कढईला हात लावलास? लिन हो म्हणाली. पुढचं ऐकायला शलाका थांबली नाही. थोड्याच दिवसांत मामाकडे वॉलॉंगॉंगला गेली, युनीसुद्धा बदलली. माझ्यासाठी तरी थांबेल, असं वाटलं होतं मला — काय पण वेडी आशा! कढई सिंकखाली टाकून गेली.

मग लिन माझ्याजवळ येऊन बसली. नसत्या उठाठेवी करणाऱ्याला त्यांच्यात म्हणे, उंदीर पकडायला निघालेला कुत्रा म्हणतात. काम मांजराचं, आणि हा मध्येच. तो कुत्रा मीच, म्हणाली. शलाका शिफ्टवरून दमून येते म्हणून लिन रोज तिची कढई घासून ठेवायची. "तुमच्यात दुसऱ्याने घासलेली चालत नाही, हे मी आधी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "सॉरी."

खरं सांगायची वेळ तीच होती. नाही का?

"नो वरीज," मी म्हटलं.

तिने डोळे पुसले, आणि मला थँक यू म्हणाली.