विमानाची डावी बाजू

१९६९ सालच्या दसऱ्याला, दिवेलागणीच्या वेळी, भोरच्या आमच्या माजघरात चार माणसे आणि एक विमान हजर होते. माणसे म्हणजे मी, सौ., आमची कुसुम आणि कुसुमच्या स्थळाचा होकार द्यायला शिवऱ्याहून एसटीने आलेले मुलाचे वडील, आप्पा. विमान मी केलेले! बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, रबराच्या पिळावर फिरणारा पंखा. खर्च चार रुपये वीस पैसे.

घरातल्या घरात विमान उडवायचे, तर पंख्याची दांडी सरळ ठेवून चालत नाही. ती दोन अंश खाली झुकवली, की विमान आढ्याला धडकत नाही. तीन अंश डावीकडे वळवली, की ते डावीकडे गोल गोल फिरते. हा कोन मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. सकाळी पाहतो तो काय, सौ.नी विळी, कोयता आणि माझी करवत यांच्या ओळीत विमानही पूजेला मांडलेले!

"अगं, त्याचा कोन लावायचाय!"

"पूजेला मांडलेलं हलवायचं नाही. तिथंच बसून लावा की!"

("ते काय हत्यार आहे?" हे मी विचारले नाही. उत्तर संध्याकाळी मिळाले.)

विमानाचे तोंड माझ्याकडे. मी समोर पाटावर बसलो, कंपासपेटीतला कोनमापक धरला, काडेपेटीच्या काडीची चीप खोचली आणि दांडी काटेकोर तीन अंश डावीकडे वळवली. पुन्हा मोजली. तीनच!

संध्याकाळी आप्पांनी सोने दिले, चहा घेतला, फेटा सावरला. होकार अगदी ओठांवर आला होता. कुसुम दाराआड कान लावून उभी. पण व्याही किती हिशेबी मिळाला, हे आप्पांना आधी कळायला नको?

"आप्पा, तुम्ही असे उजवीकडे, देव्हाऱ्याशी बसा. विमान तिकडे फिरकणारसुद्धा नाही."

"पर समई पेटलीया की हितं."

"ते डावीकडेच जाणार. गणित आहे!"

"व्हय? मंग सोडा."

सोडले. विमान डौलात उठले आणि उजवीकडे वळले! समईला कागद टेकला, भडका उडाला आणि पेटते विमान थेट आप्पांच्या फेट्यावर उतरले.

"अहो, बघताय काय? पाणी आणा!" सौ. किंचाळल्या.

मी बघत नव्हतो, विचार करत होतो. "सापडलं!" मी ओरडलो. "समोर बसून कोन लावला ना! माझी डावी ती विमानाची उजवी!"

तोवर कुसुमने धावत येऊन देवापुढचा तांब्या आप्पांच्या डोक्यावर पालथा केला.

आप्पांनी फेटा उतरवला, पिळला, त्याचे भोक उजेडात धरून पाहिले. मी मान खाली घातली. (दोन अंशांहून बरीच जास्त.)

"पोरगी पसंत हाय," आप्पा म्हणाले. "आग लागली तर पानी तरी वतती. बापागत कोन न्हाई काढीत बसत!"

नव्या फेट्याचे अठरा रुपये मी आप्पांच्या हातावर ठेवले. म्हणजे विमान एकूण बावीस रुपये वीस पैशांना पडले. आणि लग्नात नवरी नवऱ्याच्या कोणत्या हाताला बसवायची, हे आप्पांनी मांडवातल्या झाडून सगळ्यांना विचारले, मला सोडून!