अप्पांनी आवळलेल्या केबल

"मॅडम, पश्चिमेकडचे दोन खांब बाहेरच्या अंगाला कललेत," फोनवर युसूफभाई म्हणाले. ते आमचे फिटिंगचे फोरमन, उगाच घाबरणारा माणूस नाही. मी चहा तसाच टाकून गंगापूर रोडवरच्या साइटवर पोचले.

साइट म्हणजे अप्पांचं लग्नाचं लॉन्स. अप्पा दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. मधे एकही खांब नको, कुठेही बसलं तरी नवरी दिसली पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. म्हणून मी छत केबलवर टांगलं होतं. केबल म्हणजे पोलादी तारांना पीळ देऊन केलेला दोर, अंगठ्याएवढा जाड. चार कोपऱ्यांना बाहेर चार उंच खांब. त्यांच्या माथ्यावरून गेलेल्या केबलनी छत धरलेलं. छताच्या वजनाने खांब आत ओढले जाऊ नयेत म्हणून मागून दुसऱ्या केबल जमिनीतल्या काँक्रीटला बांधलेल्या. पुढचा-मागचा ओढा जमला की खांब सरळ.

चार दिवसांनी या छताखाली पहिलं लग्न होतं, अप्पांच्याच मुलीचं, पल्लवीचं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. पण इंजिनिअर म्हणून माझी सही झाल्याशिवाय आत माणूस सोडायचा नाही, असं ठरलेलं. आणि कललेल्या खांबांखाली मी सही करणार नव्हते.

युसूफभाईंनी मागच्या केबलचा टर्नबकल दाखवला. हा पेचाचा तुकडा फिरवला की केबल आवळते. काम संपल्यावर त्यावर ते पिवळ्या रंगाची रेघ मारतात. रेघ तुटली होती.

"कोणी हात लावला याला?" मी ओरडलेच.

"म्या लावला," अप्पा पुढे आले. "दुपारी बघितलं तं दोन्ही तारा ढिल्या. अंगठ्यानं दाबल्या की आत जायच्या. पाना आणला न् आवळल्या."

"अप्पा, दुपारचं ऊन याच दोन केबलवर येतं. उन्हाने पोलाद वाढतं, केबल जराशी सैल लागणारच. ते धरूनच डिझाइन केलंय."

"पन तुम्हीच तं म्हनल्या व्हत्या, आपल्या द्राक्षाच्या मांडवासारखंच हाय म्हणून!"

युसूफभाईंनी तोंड फिरवलं. हसत असावेत. मी तसं म्हणाले होते खरं. डिझाइन अप्पांच्या गळी उतरेना, तेव्हा मोठ्या ऐटीत. आणि मांडवाची तार ढिली दिसली की आवळायची, हे इकडे कोणालाही शिकवावं लागत नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

"ताई," अप्पांचा आवाज खाली आला, "पोरीला सांगू का, दुसरं कार्यालय बघू म्हणून?"

"आधी मोजू तर द्या."

खांबाचे बोल्ट, वेल्डिंग, काँक्रीट, सगळं तपासलं. कुठे तडा नव्हता. मग दोन दिवस, ऊन चढायच्या आत, दोन्ही टर्नबकल आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा सोडत गेलो. दर वेळी मी मीटर लावून ताण मोजायची आणि अप्पा खांब सरळ झाला का ते बघायला ओळंबा धरून उभे. पाना त्यांच्या हातात द्यायचा नाही, असं युसूफभाईंनी बजावलं होतं. दुसऱ्या सकाळी ओळंबा आणि मीटर दोन्ही जुळले. मी सही केली. अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले, वर "धूळ लय हाय" असंही म्हणाले.

लग्नाला निम्मे पाहुणे बागायतदार. येणारा जो तो केबलपाशी थांबायचा, अंगठ्याने दाबून बघायचा आणि मान हलवायचा. एकाने तर "पाना हाय का?" म्हणून विचारलं. फेटा बांधलेले अप्पा केबलला पाठ लावून उभे राहिले. "हात नका लावू, ती तशीच असती!"

मंगलाष्टकं सुरू झाली तरी ते जागचे हलेनात. पल्लवी मान वळवून त्यांना शोधत होती.

"अप्पा, जा तुम्ही. इथे मी थांबते."

ते धावतच गेले. मी मागच्या केबलशी उभी राहून अक्षता टाकल्या. मी पार टोकाला होते, तरी बापलेक दोघंही स्पष्ट दिसत होते.

तेव्हापासून क्लायंटने "हे कशासारखं हो?" असं विचारलं की मी सांगते, कशासारखंही नाही. हात लावू नका.