कंप्युटर चालवता येतो

मामाने मला नोकरीला लावलं, असं आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितलं जातं. सांगणारा मामाच. मी जेवत राहते. खरं काय झालं ते इथे लिहून ठेवते, कारण पंगतीत सांगायला गेले की माझा आवाज चढतो आणि लोकांच्या लक्षात तेवढाच राहतो.

बाबांची गिरणी बंद पडली होती. आम्ही घाटकोपरच्या चाळीत राहायचो आणि घर आईच्या मसाल्यावर चालायचं. मसाला आई करायची. मुलुंडच्या इमारतींतून दारोदार विकायची मी. तिथेच एका तळमजल्यावर कंप्युटर क्लास निघाला. फी झेपणारी नव्हती. पण क्लासच्या सरांच्या बायकोला मसाला देताना मला दिसलं, की मुलांच्या फीचा हिशेब सर वहीतच ठेवतात.

"क्लास कंप्युटरचा आणि हिशेब वहीत? लोक हसतील, सर," मी म्हटलं.

सौदा ठरला. त्यांनी मला शिकवायचं, मी तो सगळा हिशेब मशीनवर चढवून द्यायचा. दिला. कोणाची फी थकली आहे, ते दर महिन्याला छापून निघू लागलं.

मग अंधेरीच्या एका कंपनीची जाहिरात आली, कंप्युटर ऑपरेटर हवा म्हणून. मी फक्त बारावी. बोलावणं येणार की नाही हे अर्जावरच होतं. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, आणि घरातले सगळे इंग्रजी अर्ज मामा लिहायचा. तो एका ऑफिसात कारकून होता. मी मराठीत सांगत गेले, तो टिपून घेत गेला. सुरुवात त्याची ठरलेली: 'आय बेग टू अप्लाय'.

"बेग म्हणजे भीक ना रे मामा?"

"तां तसांच लिहितत. सायबाक बरां वाटतां."

"बरं, आणि फीचा हिशेब मी मशीनवर चढवला, ते लिही."

"गप रव गो! मसालो विकून शिकलंस, ह्यां काय अर्जात घालतत? सायब हसतलो."

"मसाल्याचं नको, हिशेबाचं लिही."

"अर्जात फुशारकी मारूची नसता."

त्याने कोऱ्या कागदाच्या तळाशी माझी सही घेतली, त्याच्या पद्धतीप्रमाणे, आद्याक्षरं आणि आडनाव. वरचा मजकूर ऑफिसात टाईप करून तिथूनच पोस्टात टाकला. पुरा झालेला अर्ज मी पाहिलाच नाही.

बोलावणं आलं, कार्डावर नुसती तारीख आणि वेळ. कंपनीच्या बाकावर सगळे पुरुष बसले होते. एकाने सरकून जागा दिली.

"ताई, कोणाला भेटायचंय?"

"मुलाखतीला आलेय."

"आम्ही पण. हेवी लायसन आहे का?"

"अरे, तिला विचार, टॅक्सी की ट्रक!" दुसरा म्हणाला. बाक हसलं. माझ्या लक्षात काही येईना.

आत साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. "ड्रायव्हरच्या जागेसाठी तुम्ही?"

त्यांनी अर्ज माझ्याकडे फिरवला. मी मामाला म्हटलं होतं, मला कंप्युटर चालवता येतो. मामाने 'चालवता'चं 'ड्राइव्ह' केलं होतं. खाली, नम्रपणा कमी पडू नये म्हणून, 'सोबर हॅबिट्स'. म्हणजे निर्व्यसनी. ड्रायव्हिंग आणि निर्व्यसनी एवढं वाचून कोणीतरी माझा अर्ज ड्रायव्हरांच्या गठ्ठ्यात टाकला होता; नुसत्या आद्याक्षरांवरून मी मुलगी आहे हेही कळलं नव्हतं.

"ऑपरेटरच्या मुलाखती काल संपल्या," साहेब म्हणाले.

माझं डोकं सटकलं. "साहेब, कंप्युटर कुठल्या रस्त्यावर चालतो? तो शब्द शेजारीच होता. वाचणाऱ्याला दिसला नाही?"

मग मी दारावर मसाल्याचा भाव ठरवते तशी घासाघीस सुरू केली.

"कालच्यांपैकी कोणाला नेमणुकीचं पत्र गेलंय?"

"अजून नाही."

"मग संपल्या कुठे? मला एक कोरा कागद द्या. वाचून पटलं नाही तर निघते."

कागद मिळाला. मी 'बेग' लिहिलं नाही. जमेल तशा इंग्रजीत लिहिलं: या क्लासचा फीचा हिशेब वहीत होता, तो मी मशीनवर चढवला, थकलेल्यांची यादी दर महिन्याला निघते, सरांना विचारा. साहेबांनी वाचलं.

"यादी निघाल्यावर फी आली का?"

"दोघांची नाही आली. ते क्लासच सोडून गेले."

ते उठले आणि मला मशीनच्या खोलीत घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत मला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवून घ्यायचं ठरलं.

चाळीत पेढे वाटले मामाने. "सायबाक पाया पडल्यासारखो अर्ज होयो," असं तो प्रत्येक दारात सांगत होता. मी त्याला ड्रायव्हिंगचं सांगितलं, जिन्यातच, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "पण बोलावल्यानी मा?"

त्यावर मी जे बोलले ते ऐकून आईने मला आत ओढलं. मामा आपल्या जागेवरून हलला नाही, आजही हललेला नाही.

सोमवारी कामावर गेले. फाटकावरच्या रखवालदाराने यादीत माझं नाव शोधलं आणि हाताने मागची बाजू दाखवली.

"ड्रायव्हर लोकांची खोली तिकडे."