मी पुसलेली ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच चेहरा मवाळ करू नका. तुमची सहानुभूती मला नकोय.

सातपूरला आमची कंपनी मशीनचे कंट्रोलर बनवते. आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. प्रोग्रामला तिच्याकडून काही करून हवं असेल, तर तशी मागणी करायची — त्याला आम्ही कॉल म्हणतो — आणि त्यासाठी तयार कोडच्या लायब्ररीत बहुधा फंक्शन असतं. काही कॉल्सना असं फंक्शन नसतंच — थेट नंबर देऊन कॉल करायचा, सोबतचे आकडेही ठरलेल्या क्रमानं आपणच द्यायचे. अशा कॉल्सचं डॉक्युमेंटेशन लिहायचं काम माझ्याकडे होतं.

माझ्या हाताखाली शाहीन आली. मालेगावची, कॉन्ट्रॅक्टवर. पहिल्याच मीटिंगमध्ये तिनं माझ्या कोडमधली चूक दाखवली — सगळ्यांसमोर, हसून. चूक खरीच होती. म्हणूनच ती मला डोळ्यांसमोर नको झाली. कळतंय ना?

एका कॉलला, फक्त कंट्रोलरच्या आमच्या जुन्या सर्किट बोर्डावर, आकड्यांच्या मध्ये एक जादा शून्य द्यावं लागतं. नाहीतर पुढचे सगळे आकडे सरकतात. ते मी लिहून ठेवलं होतं. तो कॉल वापरायचं काम तिला मिळालंय हे कळलं आणि — मी ती ओळ पुसली. विसरलो नाही. पुसली.

तिच्या टेबलावरच्या नव्या बोर्डावर सगळं नीट चाललं. गिऱ्हाइकाकडच्या जुन्या बोर्डावर मशीन जॉबच्या मध्येच अडकलं. माल भंगारात गेला.

साहेबांनी तिला विचारलं, "डॉक्युमेंट वाचलं नव्हतं का?"

"वाचलं, सर. त्यात हे नाहीये."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "एवढं बेसिकसुद्धा लिहून द्यायचं?"

कुणीतरी हसलं. तिला वाटलं, आपल्यालाच हे माहीत असायला हवं होतं. संध्याकाळी मला सॉरी म्हणायला आली. आणि मी? मोठ्या मनानं माफ केलं.

तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. तिची जागा रिकामी झाली त्याच दिवशी मी ती ओळ परत लिहिली. साहेब म्हणाले, "बघा, याला म्हणतात जबाबदारी."

इथं थांबलो असतो, तर निदान भित्रा म्हणवून घेता आलं असतं. पण नंतर गंगापूर रोडवरच्या एका कंपनीतून फोन आला — शाहीनचं काम कसं होतं? तेव्हा मला कुणाची भीती होती? कुणाचीच नाही.

"हुशार आहे," मी म्हणालो, "पण लिहिलेलं नीट वाचत नाही."