नको ते खोडावे

तेव्हा मी लहान होते. अठ्ठावन्न वर्षांची. नुकतीच सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली, सत्काराच्या नारळाची बर्फी करून खाल्लेली आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत असलेली. आता सहासष्टाव्या वर्षी त्या बाईची आठवण आली की तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो. जरा जोरातच.

जमिनीचे जुने कागद सांभाळणाऱ्या एका कचेरीत मी चौतीस वर्षं खिडकीवर बसले. लोक नकला मागायला यायचे आणि मी त्यांचे अर्ज तपासायची. अर्जावर छापलेलं असायचं, ‘स्वतःसाठी / दुसऱ्यासाठी (लागू नसेल ते खोडावे)’. निम्मे लोक नेमकं लागू असेल तेच खोडून आणायचे. मग मी चष्म्यावरून बघत म्हणायची, “अहो, नको ते खोडायचं असतं! वाचता येतं ना आपल्याला?” एकदा लोणी काळभोरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, “बाई, हवं हाय म्हनून तर रेघ वढली. नको हाय त्याला कशाला हात लावू?” मी त्यांना नवीन अर्ज दिला आणि जेवणाच्या सुट्टीत हा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं. फार हुशार होते मी.

निवृत्तीला पंधरा दिवस झाले नाहीत तोच साहेबांचा फोन आला. “मॅडम, आपल्याशिवाय विभाग ठप्प झालाय. करारावर या, दोन वर्षं. तीच खुर्ची, तीच खिडकी.” मी पुरीसारखी फुगले. (साहेबांनी हेच वाक्य निवृत्त ड्रायव्हरलाही ऐकवलं होतं, हे मला पुढे कळलं.)

अडचण एकच होती. नारायण पेठेत वह्या-पेनांच्या एका दुकानावर मोडी लिपीचा वर्ग चालतो, तिथे मी नुकतंच नाव घातलं होतं. आमच्या कचेरीत मोडीतल्या कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते. लोक विचारायचे, “बाई, काय लिहिलंय यात?” आणि मी चौतीस वर्षं एकच उत्तर दिलं होतं, “मोडी आहे. वाचणारा शोधा.” वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी अकराला. म्हणजे ऐन कचेरीच्या वेळेत. दोन्ही जमणं शक्य नव्हतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मला विचारू नका, मी शहाणी नव्हते. मी सगळ्यांना विचारत सुटले. नणंद म्हणाली, घरी बसलीस तर गुडघे धरतील. धायरीच्या आमच्या इमारतीतली मैत्रीण म्हणाली, नोकरी केलीस तर गुडघे धरतील. शेवटी मी यांना गाठलं.

“अहो, तुम्हाला काय वाटतं, मला काय हवं असेल?”

पेपर खाली न करता हे म्हणाले, “तुझं माहीत नाही. मला चहा हवाय.”

सून मात्र जवळ येऊन बसली. “आई, बाकीचे राहू देत. तुम्हाला स्वतःला काय हवंय?”

मला तिचा रागच आला. हा काय प्रश्न झाला? दोन पर्याय समोर ठेवा, मी एक निवडते. कोरा कागद कोणी माझ्यापुढे ठेवलाच नव्हता. वडिलांनी नोकरीचा अर्ज आणला, मी सही केली. काकांनी स्थळ आणलं, मी पोहे केले. हवंय काय, हे विचारायची रीतच नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्याची गैरसोयही कधी झाली नाही. ठरवायचं दुसऱ्याने आणि कुरकुरायचं मी, अशी सोयीची वाटणी होती.

तर मी ठरवलं. मोडी म्हणजे हौस, नोकरी म्हणजे नोकरी. या वयात नवं काही सुरू करायला मी काय कॉलेजात आहे? कचेरीत जाऊन संमतीपत्र भरलं. ऐटीत सही ठोकली, पूर्वीच्या दोन सहकाऱ्यांना चहा पाजला आणि घरी आले.

दोन दिवसांनी माझ्या खिडकीवर आता बसणाऱ्या मुलीचा फोन आला. मीच तिला काम शिकवलं होतं. ती जरा चाचरत होती.

“मॅडम, रागावू नका हं. तुमचं संमतीपत्र... तुम्ही ‘इच्छुक आहे’ खोडलंय.”

“काय?”

“‘नाही’ तसंच ठेवलंय. शुक्रवारपर्यंत येऊन दुरुस्त करून जाल का? नाहीतर साहेब दुसऱ्यांना घेतील.”

लाज वाटली म्हणजे किती! बुधवारी जायचं ठरवलं, तर मेथी निवडायची होती. मेथी कधीपासून इतकी तातडीची झाली, देव जाणे. गुरुवारी वाटेत वर्ग लागला, म्हणून तिथेच दोन तास बसले. घरी येऊन सांगितलं, सिंहगड रस्त्यावर गर्दी होती. ती रोजच असते, त्यामुळे खोटं पचलं.

शुक्रवारी साडेचारला एकदाची कचेरीत पोचले. मुलीने कागद पुढे केला, पेन दिलं, बसायला स्वतःची खुर्ची दिली. म्हणजे माझीच. मी बसले. उजवा हात अजून ढिलाच होता खुर्चीचा. काम एवढंच होतं: दुसऱ्या शब्दावर रेघ मारायची, पहिला पुन्हा लिहायचा, बाजूला सही करायची. पाच वाजेपर्यंत मी पेनचं टोपण काढलं आणि लावलं.

“मॅडम, शिपाई फायली न्यायला आलाय.”

“नेऊ दे.”

“पण हे चुकलंय ना? तुम्हीच शिकवलंत, नको ते खोडायचं.”

“मग? तेच तर खोडलंय.”

तोंडातून निघून गेलं, आणि माझंच वाक्य ऐकून मीच चपापले. मुलगी हसली आणि तिने कागद फायलीत घातला.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, मी हलक्या पावलांनी घरी आले असेन. छे! दोन दिवस मी रुसून बसले होते. कोणावर, ते मात्र ठरत नव्हतं. मॅडम म्हणणारं आता कोणी नव्हतं. मोडीच्या वर्गातला मास्तर माझ्या मुलापेक्षा लहान, आणि तो सगळ्यांदेखत म्हणायचा, “काकू, हा ‘ब’ आहे की झुरळ?” मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. माझी अक्षरं धुणं वाळत घातल्यासारखी लोंबायची.

आठ महिन्यांनी कचेरीतल्या रुमालातल्या एका कागदाची नक्कल आणून पूर्ण एकटीने वाचली. अकरा ओळी, तीन सकाळी. मला वाटलं होतं, निदान एखादं वतन निघेल. निघाली तक्रार: शेजाऱ्याच्या म्हशीने ज्वारी खाल्ली, आणि विचारायला गेलो तर शेजारी म्हणतो, म्हैस आमची नव्हेच. मी यांना हाक मारून तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा हे म्हणाले, “खाल्ली गं ज्वारी, कळलं.”

आणि पेपर खाली ठेवून विचारलं, “पुढे काय झालं म्हशीचं?”

पुढचा कागद अजून सापडलेला नाही. शोधते आहे.