यादगिरीचे ओले ओठ

भूतखेत, करणी, नजर... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. शाळेत ड्रॉइंग टीचर होतो. रंग काय करतो आणि काय करत नाही, एवढं तरी मला नक्की कळतं. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली. आणि खरं सांगायचं तर, लाजही वाटत होती.

सोलापूर, १९७१चा उन्हाळा. नवी पेठेत एका कापडदुकानाच्या वर, पत्र्याखाली माझी भाड्याची खोली होती. माझा मित्र यादगिरी यंत्रमागावर कामाला होता. वर्षभरापूर्वी आम्ही दोघं एकाच चित्रकलेच्या क्लासला होतो. हात त्याचाच चांगला — तेव्हा मी हे कबूल केलं नसतं.

क्लासच्या सरांना कुणीतरी परदेशातून अ‍ॅक्रिलिक रंगांची पेटी पाठवली होती. एकदा सर नसताना मी ते गुपचूप वापरले आणि टोपणं उघडीच ठेवून निघून आलो. ट्यूबमधला रंग वाळून दगड झाला. त्या दिवशी क्लास बंद करायची पाळी यादगिरीची होती, म्हणून सरांनी सगळ्यांसमोर त्यालाच विचारलं. तो गप्प राहिला. मीही. सरांनी त्याला क्लासातून काढलं.

पुढे मुंबईच्या मामांनी मला तसलेच रंग आणून दिले, तेव्हा पहिलं पोर्ट्रेट यादगिरीचंच करायचं ठरवलं. तेवढंच मन हलकं होईल, असं वाटलं असावं... सुट्टीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. ब्रश न घेता मी नुसत्या पेंटिंग नाइफने जाड थर दिले — कपाळाला तांबडा, गालाला हिरवा. चेहरा जिवंत उतरला.

त्या उन्हात सगळं चित्र संध्याकाळपर्यंत वाळलं. ओठ वाळले नाहीत. आठ दिवसांनीही ओलेच. दोनदा खरवडून पातळ रंग लावला, तरी तेच.

पुढच्या सुट्टीला यादगिरी आला. त्याने ओठांवर बोट टेकवलं. बोट कोरडं. लगेच मी टेकवलं — माझ्या बोटाला लाल रंग.

मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. तो शांतपणे म्हणाला, "मला म्हाईत हाय की. तू रंग वापरताना मी दारातनं बघितलो होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

सरांना एकदा खरं काय ते सांग, एवढंच त्याने मागितलं. मी उद्या जातो म्हणालो. पण नोकरीच्या अर्जाला सरांचं शिफारसपत्र हवं होतं. गेलो नाही. पत्र मिळालं, परगावच्या शाळेत नोकरीही लागली. जाताना चित्र मी यादगिरीला दिलं. नंतर सर वारले.

१९७९ मध्ये यादगिरीच्या घरी गेलो. चित्र भिंतीवर होतं. त्याची बायको म्हणाली, रोज फडक्याने पुसते. ती चहा ठेवायला आत गेल्यावर मी ओठांना हात लावला. बोट लाल झालं.

रंगवाल्यांना विचारलं, शाळेतल्या सायन्सच्या सरांना विचारलं... कारण कुणालाच सांगता आलं नाही. मलाही आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवशी त्याच्या घरी यादगिरीने माझ्या लाल बोटाकडे पाहिलं. उठला, तांब्या आणला आणि माझ्या हातावर पाणी घातलं.