देवनळाची काठी

दुपारी वर्तमानपत्राच्या कचेरीत, बातम्यांच्या टेबलावर फोन आला. वहिनी होत्या. "भावोजी, हे गेले," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "सकाळीच कोंब दिसले होते… सांगायचं राहिलं."

कोंब देवनळाचे. माझे थोरले भाऊ, आम्हा सगळ्यांचे दादा, पाटबंधारे खात्यात होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंदिरानगरला घर बांधलं, तेव्हा पेठ रोडच्या एका रोपवाटिकेतून मुळीचा तुकडा आणून त्यांनी तो मागच्या अंगणात, मोरीच्या पाण्यावर लावला. बोरूच्या जातीचं शोभेचं गवत. पानांवर पांढरे पट्टे, दिवाळीच्या सुमारास वर तुरे. दोन-तीन वर्षांत ते उसासारखं भिंतीच्या वर गेलं. शेजारचे भालेराव कुंपणावरून विचारत, "काय साहेब, गुऱ्हाळ कधी सुरू करताय?" दादा म्हणत, "पहिला ग्लास तुम्हालाच. पचला तर दुसरा."

शिमगा झाला की दादा ते सगळं बेट वीतभर ठेवून कापत. पहिल्या वर्षी वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. "अहो, मारलंत की त्याला!" "पाडव्यापर्यंत थांब," दादा म्हणाले. पाडव्याला खुंटांच्या मधून बोटभर कोंब वर आले. तेव्हापासून कापलेल्यातली सर्वांत सरळ काठी गुढीसाठी राखायची, हा घरचा नियम झाला.

यंदा हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. दादांनी शिमग्याची वाट पाहिली नाही. मध्ये मध्ये खाली बसून, दम घेत कापलं. काठी निवडून दाराआड ठेवली. रिक्षात बसताना वहिनींना म्हणाले, "पाणी तोडू नकोस. कोंब दिसले की मला सांग." शस्त्रक्रियेनंतर ते बोलू लागले होते. मग ताप चढला, तो उतरलाच नाही.

तेराव्याला कळवणचे आमचे चुलतभाऊ आदल्या दिवशीच आले. पंगत मागच्या अंगणात बसायची होती. शेतकऱ्याच्या लेखी देवनळ म्हणजे बांधावरचं तण. मुळी राहिली की पुन्हा माजतं. वहिनी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसल्या होत्या. दोघा भावांनी कुदळीने खोल खणलं, गड्डे वेचून काढले आणि जाळले. घाम पुसत आत येऊन थोरला म्हणाला, "वहिनी, जागा साफ केली. एक मुळी ठेवली नाय. आता परत फुटायचं नाव नाय."

वहिनी उठल्या. "चहा घ्या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर त्या उलथनं घेऊन माती उकरत बसल्या. एक तुकडा सापडला. तो कुंडीत लावला, रोज पाणी घातलं. परवा मी हळूच उकरून पाहिला… आतून काळा पडला होता. मी माती सारखी केली. संध्याकाळी वहिनींनी पुन्हा पाणी घातलं.

पाडव्याला घरात गुढी नव्हती. वर्षभर सण नाहीत. काठी दाराआडच आहे. ठेवली तेव्हा हिरवी होती, आता पिवळी पडली आहे. झाडताना वहिनी ती उचलतात, खालचं झाडतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात.